राखणदाराची नजर

लिलियन थुराम यांनी फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाकडून 142 सामने खेळले आणि दोन गोल केले. 1994 ते 2008 या चौदा वर्षांतले ते दोन्ही गोल एकाच सामन्यातले, तेवीस मिनिटांच्या अंतराने झालेले. त्याआधी एकही नाही, नंतरही नाही. उरलेल्या 141 सामन्यांत त्यांनी काय केले हे कुठल्या धावफलकावर सापडत नाही, कारण बचावपटूचे काम घडलेल्या गोष्टींत मोजता येत नाही. चेंडू येण्याआधी तो कुठे जाऊन उभा राहिला, त्याला पाहून समोरच्याने कोणता पास द्यायचा विचार सोडला, कोणता आघाडीपटू सगळा वेळ चुकीच्या बाजूला धावत राहिला, याची नोंद कुणी ठेवत नाही. कबड्डीत पकडीला गुण असतो. फुटबॉलमध्ये अडवणाऱ्याच्या खात्यावर काहीच चढत नाही.

चंद्रपूरच्या पूर्वेकडच्या आणि गडचिरोलीच्या धानपट्ट्यात लोंबी भरू लागली की माणसे जागलीला जातात. बांधीच्या कडेला चार बल्ल्यांवर मचाण उभे राहते. वर तणसाचा थर, खाली विझू न दिलेला विस्तव. रानडुकरांचा कळप कुठून शिरेल याचा अंदाज पावलांच्या खुणांवरून दिवसाउजेडीच घेतलेला असतो. रात्रभर मधूनमधून हाळी द्यायची, डबा वाजवायचा, अंधाराच्या एका ठरावीक कोपऱ्यावर बॅटरी मारायची. सकाळी धुऱ्यावरून जाणाऱ्याला उभे धान दिसते. राखलेली रात्र दिसत नाही. डोळा लागला तर मात्र तुडवलेल्या बांधीवरून ते गावभर कळते. बचावपटूचे काम या जातीचे आहे. अंधार वाचता येणे हे जागलीचे खरे कसब. मैदानावर मोकळा दिसणारा तुकडा वाचता येणे हे बचावाचे. थुराम यांना ते येत होते. खेळ थांबल्यावर त्यांनी हे वाचणे थांबवले नाही. मैदानाबाहेर कोण कुणाकडे कसे पाहतो, याकडे ते तितक्याच बारकाईने पाहू लागले. ज्याने आयुष्यात एकही फुटबॉल सामना पाहिलेला नाही त्यालाही हे चरित्र जवळचे वाटू शकते, ते त्यामुळे.

थुराम यांचा जन्म 1 जानेवारी 1972 रोजी ग्वादलूप बेटावरच्या प्वँ-ता-पित्र शहरात झाला. ग्वादलूप कॅरिबियन समुद्रात आहे. पॅरिसहून तिथे पोचायला अटलांटिक महासागर ओलांडावा लागतो. तरीही 1946 पासून ते कायद्याने फ्रान्सचाच एक जिल्हा आहे. या बेटाचा इतिहास उसाच्या मळ्यांचा आहे, आणि ते मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी पिकवले. 1848 मध्ये फ्रान्सने आपल्या वसाहतींतली गुलामी रद्द केली तेव्हा मळेवाल्यांना मजुरांची टंचाई पडली आणि त्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. 1854 पासून पुढची तीन-साडेतीन दशके पुदुच्चेरी, कारैकल आणि कलकत्त्याच्या बंदरांतून 40 हजारांहून अधिक माणसे करारावर ग्वादलूपला गेली. त्यांचे वंशज आणि त्यांची देवळे आजही तिथे आहेत. म्हणजे ज्या मातीत थुराम वाढले तिच्यात भारतीय घामही मुरलेला आहे.

बेटाच्या उत्तर टोकाला आँस-बेर्त्राँ नावाचे गाव आहे. समुद्र, ऊस आणि उघडे आकाश यांत लिलियनचे बालपण गेले. घरात आई मारियाना आणि पाच मुले, वडील नव्हते. 1980 मध्ये आई एकटीच पॅरिसजवळ कामाच्या शोधात गेली. दुसऱ्यांच्या घरची साफसफाई करून तिने राहण्यापुरती सोय लावली आणि वर्षभराने मुलांना बोलावून घेतले. त्या एका वर्षात मोठ्या भावंडांनी धाकट्यांना सांभाळले. चंद्रपूर-गडचिरोलीतून मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या आईबापांची मुलेही अशीच आजीच्या नाहीतर थोरल्या बहिणीच्या भरवशावर राहतात. दोन्हीकडच्या मुलांना लवकर शहाणे व्हावे लागते.

नऊ वर्षांचा लिलियन फ्रान्समध्ये शाळेत दाखल झाला तेव्हा वर्गातली पोरे त्याला एका काळ्या गायीच्या नावाने हाका मारू लागली. त्या काळी टीव्हीवर एक चित्रमालिका लागत असे. तिच्यात एक गोरी गाय होती, हुशार. आणि एक काळी होती, ती मंद. ग्वादलूपमध्ये त्याच्या रंगाला कुणी नाव ठेवले नव्हते, कारण तिथे तो रंग सगळ्यांचा होता. घरी येऊन त्याने आईला विचारले, हे असे का? माणसे अशीच असतात, त्यात बदल होणार नाही, असे आईने सांगितले. थुराम यांनी पुढे असंख्य भाषणांत ही आठवण काढली आहे आणि प्रत्येक वेळी ते एकाच मुद्द्यापाशी येतात: आपण काळे जन्मत नाही, दुसऱ्याच्या नजरेने काळे होतो; आणि आईच्या त्या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही. गडचिरोलीतल्या भामरागड किंवा एटापल्लीहून नागपूर-पुण्याच्या वसतिगृहात पोचलेल्या मुलामुलींना हा प्रसंग उलगडून सांगावा लागणार नाही. बोलण्यातला माडिया बोलीचा हेल, आडनाव, नुसते गावाचे नाव, यांतले काहीही एक तिथे पुरते.

पुढे हे कुटुंब फाँतेनब्लोजवळच्या आव्हाँ गावात, स्थलांतरितांच्या वस्तीत राहायला गेले. तिथे अनेक देशांतून आलेली माणसे एका जिन्यात राहत. लिलियनचा पहिला क्लब पोर्तुगीज कामगारांनी काढलेला होता; फाँतेनब्लोचे पोर्तुगीज हेच त्याचे नाव. ग्वादलूपचा मुलगा, पोर्तुगालचा क्लब, फ्रान्सचे मैदान. लहानपणी त्याला पाद्री व्हायचे होते आणि मैदानात तो पुढे खेळत असे. मागच्या फळीत तो नंतर गेला.

मागे नेणारा माणूस मोनॅकोत भेटला. आर्सेन वेंगर तेव्हा मोनॅकोचे प्रशिक्षक होते. 1990-91 च्या मोसमात थुराम यांनी तिथे व्यावसायिक कारकीर्द सुरू केली. वेंगर यांना या उंच, वेगवान, पण अजून कच्च्या पोरात बचावपटू दिसला आणि त्यांनी त्याला धीराने घडवले. 17 ऑगस्ट 1994 रोजी बोर्दोमध्ये झेक प्रजासत्ताकाविरुद्ध थुराम फ्रान्सकडून पहिल्यांदा खेळले. त्या सामन्यात आणखी एकाने पदार्पण केले: झिनेदिन झिदान. झिदान बदली खेळाडू म्हणून आले आणि दोन गोल करून त्यांनी 0-2 असा हातातून गेलेला सामना बरोबरीत आणला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी कुणाचे नाव होते ते सांगायला नको. मागच्या फळीतल्या माणसाचे पदार्पण असेच व्हायचे.

कॅरिबियनमधल्या या छोट्या बेटांनी फ्रान्सला बचावपटूंची मोठी परंपरा दिली आहे. 1970-80 च्या दशकांतले मारियुस त्रेझोर ग्वादलूपचे, जोसलिन आंग्लोमा ग्वादलूपचे, आणि मग थुराम. त्या परंपरेतला एक जण भारतातही येऊन राहिला. शेजारच्या मार्टिनिक बेटावर, फोर-द-फ्रान्समध्ये जन्मलेले ग्रेगरी आर्नोलिन पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये खेळून 2014 मध्ये एफसी गोवा संघात आले आणि तीन मोसम तिथे राहिले. झिको त्या संघाचे प्रशिक्षक होते. मुंबईचा बचावपटू राजू गायकवाडही त्या संघाकडून खेळला. 20 डिसेंबर 2015 रोजी मडगावजवळच्या फातोर्डा मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. गोवा 2-1 असा पुढे होता आणि नव्वद मिनिटे भरत आली होती. शेवटच्या काही क्षणांत गोलरक्षकाच्या हातून एक स्वयंगोल झाला, पाठोपाठ आणखी एक गोल, आणि चेन्नईयिनने करंडक नेला. नव्वद मिनिटांच्या राखणीवर दोन मिनिटांनी पाणी पडते, हे फातोर्डाच्या प्रेक्षकांनी त्या रात्री डोळ्यांनी पाहिले.

थुराम 1996 मध्ये इटलीतल्या पार्मा संघात गेले. बचाव ही तिथे शिकण्या-शिकवण्याची विद्या आहे. फ्रान्समध्ये त्यांनी पाय आणि फुप्फुसे कमावली होती. इटलीत डोके कमावले. पार्माच्या गोलात विशीही न गाठलेला जानलुइजी बुफाँ, शेजारी फाबियो कान्नावारो, आणि उजवीकडे किंवा मध्ये थुराम. पहिल्याच मोसमात या संघाने लीगमध्ये दुसरे स्थान मिळवले, युव्हेंटसहून फक्त दोन गुण मागे. 1999 मध्ये पार्माने इटालियन कप जिंकला आणि 12 मे रोजी मॉस्कोत मार्सेलचा 3-0 असा पराभव करून यूएफा कपही घेतला. पार्मा हे चीज आणि हॅमसाठी नावाजलेले मध्यम आकाराचे शहर. तिथल्या क्लबने मिलान-तुरीनच्या धनाढ्य संघांना झुंजवावे, यात त्या मागच्या फळीचा वाटा सर्वांत मोठा होता.

या विद्येत पाय घालून चेंडू काढणे ही शेवटची पायरी असते. तोवर बरेच काही होऊन गेलेले असते. चार बचावपटू एका रेषेत उभे असतात आणि ती रेषा सतत हलत असते. प्रतिस्पर्धी पास देण्याच्या तयारीत आला की चौघांनी एकदम दोन पावले पुढे सरायचे. आघाडीपटू मागे एकटा उरतो आणि ऑफसाइड ठरतो, म्हणजे त्याचा गोल धरला जात नाही. चौघांपैकी एकजण अर्धे पाऊल जरी मागे राहिला तरी त्याच्यामुळे आघाडीपटूला मोकळे रान मिळते. म्हणून बचावपटूला चेंडू पाहावा लागतो, आपला माणूस पाहावा लागतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून इतर तिघेही पाहावे लागतात. थुराम जमिनीवर घसरून टॅकल करताना फार दिसत नसत. ते उभ्यानेच चेंडू काढून घेत आणि मान वर करून चालू लागत. पाहणाऱ्याला वाटे, यात अवघड ते काय.

1998 च्या विश्वचषकात फ्रान्सच्या मागच्या फळीत उजवीकडे थुराम, मध्ये लोराँ ब्लाँ आणि मार्सेल देसाई, डावीकडे बिझाँत लिझाराझू आणि गोलात फाबियाँ बार्तेझ होते. थुराम यांची मनाजोगती जागा मधली. पण तिथे दोघे दिग्गज असल्याने ते उजवीकडे गेले. सात सामन्यांत या संघावर दोनच गोल झाले, त्यांतला एक पेनल्टीचा.

दुसरा गोल 8 जुलैच्या उपांत्य सामन्यातला. पॅरिसच्या उत्तरेला साँ-दनीमधले स्ताद द फ्रान्स, समोर स्वतंत्र देश म्हणून पहिलाच विश्वचषक खेळणारा क्रोएशिया. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटली होती. वैनगंगेच्या दोन्ही काठांवर रोवणीचे दिवस होते आणि बहुतेक गावे दिवसभर चिखलात वाकून दमली होती. उत्तरार्ध सुरू होताच क्रोएशियाच्या दावोर शुकरने गोल केला. फ्रान्सची रेषा पुढे सरकली होती, उजव्या कडेला एकजण मागे राहिला होता. त्याच्यामुळे शुकर ऑफसाइड ठरला नाही. तो मागे राहिलेला खेळाडू थुराम होता.

मग जे झाले ते फुटबॉलच्या इतिहासात फार थोड्या वेळा झाले असेल. एका मिनिटाच्या आत थुराम क्रोएशियाच्या गोलक्षेत्राच्या तोंडाशी होते, जिथे उजव्या बचावपटूचे एरवी काम नसते. क्रोएशियाचा कर्णधार झ्वोनिमिर बोबान चेंडू घेऊन वळत होता. थुराम यांनी तो काढून घेतला, युरी जोर्काएफकडे दिला, परत घेतला आणि गोलरक्षकाला चकवून आत घातला. सत्तराव्या मिनिटाला त्यांनी उजव्या बाजूला पुन्हा चेंडू हिसकावला आणि गोलक्षेत्राच्या कडेवरून डाव्या, म्हणजे आपल्या कमजोर पायाने वळणदार फटका मारला. चेंडू दूरच्या खांबाजवळून आत गेला. फ्रान्स 2-1. दोन्ही गोलांची सुरुवात चेंडू काढून घेण्यातून झाली होती. जे काम ते आयुष्यभर आपल्या गोलासमोर करत आले तेच त्या संध्याकाळी त्यांनी समोरच्याच्या गोलासमोर केले.

दुसऱ्या गोलानंतरचे त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. ते गुडघ्यांवर बसले आहेत, बोट ओठांवर, चेहऱ्यावर हसू नाही. एखादे कोडे पडलेल्या माणसाचा चेहरा. भोवती सगळे स्टेडियम वेडे झालेले आणि ते विचारात. विजयाची इतकी शांत मुद्रा त्या मैदानाने क्वचितच पाहिली असेल. चार दिवसांनी, 12 जुलैला, फ्रान्सने ब्राझीलला 3-0 हरवून पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत रोनाल्डो आणि शुकर यांच्यानंतर तिसरे नाव थुराम यांचे होते. त्या यादीत बचावपटू सहसा नसतो.

त्या संघाकडे फ्रान्स फक्त खेळ म्हणून पाहत नव्हता. देसाईंचा जन्म घानातला, पात्रिक व्हिएरा सेनेगलचे, झिदानचे आईवडील अल्जेरियाचे, लिझाराझू बास्क, ख्रिस्त्याँ कारांब्यू पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनियाचे. दोनच वर्षांपूर्वी अतिउजव्या पक्षाचे नेते ज्याँ-मारी ल पेन यांनी या संघाला कृत्रिम ठरवले होते. बाहेरून आणलेल्या खेळाडूंना फ्रान्सचे नाव कशाला, असा त्यांचा सूर होता. विजयाच्या रात्री शाँझेलिझेवर लाखो माणसे उतरली तेव्हा हा प्रश्न कायमचा मिटला, असे अनेकांना वाटले. तो मिटला नव्हता. थुराम यांना हे इतरांच्या आधी कळले, आणि करंडकाने वर्गातली पोरे बदलत नाहीत हे ते पुढे सांगत राहिले.

नंतरची दहा वर्षे सन्मानाची आणि चढउतारांची होती. 2000 मध्ये फ्रान्सने रॉटरडॅमला इटलीवर 2-1 अशी मात करून युरो चषक घेतला. 2001 मध्ये थुराम आणि बुफाँ दोघेही पार्मा सोडून युव्हेंटसला गेले आणि पहिल्या दोन्ही मोसमांत लीग जिंकले. 2005 आणि 2006 च्या विजेतेपदांवर मात्र पंचनिवडीतल्या घोटाळ्याची सावली पडली. ती दोन्ही काढून घेतली गेली आणि युव्हेंटसला दुसऱ्या श्रेणीत उतरावे लागले. थुराम बार्सेलोनाला गेले. 2004 मध्ये त्यांनी राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली होती, पण 2005 मध्ये झिदान आणि क्लोद मकेलेले यांच्याबरोबर ते परतले. 2006 च्या विश्वचषकात, चौतीस वर्षांचे असताना, ते अखेर आपल्या आवडत्या मधल्या जागेवर खेळले आणि फ्रान्स बर्लिनच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. तो सामना सगळ्यांना झिदानने प्रतिस्पर्ध्याला डोक्याने मारलेल्या धडकेमुळे आठवतो. त्या स्पर्धेतला थुराम यांचा खेळ हा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत परिपक्व खेळ होता. तिथे वेगाची जागा अंदाजाने पूर्ण घेतली होती.

याच काळात ते मैदानाबाहेर बोलू लागले. 2005 च्या शरद ऋतूत पॅरिसच्या उपनगरी वस्त्या पेटल्या. गृहमंत्री निकोला सार्कोझी यांनी तिथल्या तरुणांसाठी गुंडपुंड अशा अर्थाचा शब्द वापरला, तेव्हा आपणही अशाच वस्तीत वाढलो आहोत, याची थुराम यांनी जाहीर आठवण करून दिली. सप्टेंबर 2006 मध्ये काशाँ इथल्या इमारतीतून पोलिसांनी बाहेर काढलेल्या, कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांपैकी सुमारे 80 जणांना त्यांनी आणि व्हिएरा यांनी फ्रान्स-इटली सामन्याची तिकिटे दिली. चालू संघातल्या खेळाडूने सत्तेला न रुचणारी बाजू अशी उघड घेणे सोपे नसते.

शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना 13 जून 2008 चा, नेदरलँड्सकडून 1-4 असा हरलेला. त्यानंतर पारी साँ-जर्मां क्लबाशी करार होणार होता, पण वैद्यकीय तपासणीत हृदयात जन्मजात दोष आढळला. 1 ऑगस्ट 2008 रोजी थुराम निवृत्त झाले. सतरा-अठरा वर्षे ज्या हृदयाच्या बळावर ते धावले त्यात हा दोष पहिल्यापासून होता.

त्याच वर्षी त्यांनी वर्णद्वेषाविरुद्ध शिक्षणाचे काम करणारे फाउंडेशन स्थापन केले. शिक्षण हाच मार्ग त्यांनी का निवडला याचे कारण त्यांच्या शाळेतच आहे. काळ्या माणसांचा उल्लेख त्यांनी पाठ्यपुस्तकात पहिल्यांदा वाचला तो गुलामीच्या धड्यात. त्याआधी जणू ही माणसे कुठे नव्हतीच; त्यांना राजे नव्हते, विद्वान नव्हते, शेती नव्हती, शहरे नव्हती. 2010 मध्ये आलेल्या ‘माझे काळे तारे’ या आशयाच्या नावाच्या पुस्तकात त्यांनी आदिमानव ल्युसीपासून बराक ओबामांपर्यंत अशी कृष्णवर्णीय चरित्रे मांडली. एका माजी फुटबॉलपटूचे ते पुस्तक फ्रान्समध्ये खूप वाचले गेले.

आणि मग 2011. नोव्हेंबरमध्ये पॅरिसच्या के ब्राँली संग्रहालयात एक प्रदर्शन सुरू झाले. रानटी माणूस कसा रचला गेला, हा त्याचा विषय. इतिहासकार पास्काल ब्लाँशार आणि नानेट स्नूप यांच्यासह त्याची मांडणी करणारे प्रमुख थुराम होते. एकोणिसाव्या शतकापासून युरोप-अमेरिकेत आफ्रिका, आशिया आणि पॅसिफिकमधल्या माणसांना आणून कुंपणाआड ठेवत आणि तिकीट लावून दाखवत. पॅरिसच्या प्राणी-उद्यानात 1877 पासून असे खेळ होत होते. खोट्या झोपड्या उभारायच्या, थंडीतही माणसांना उघडे ठेवायचे, ओरडायला आणि नाचायला लावायचे. दक्षिण आफ्रिकेच्या सारा बार्टमनला 1810 मध्ये लंडनला नेऊन लोकांपुढे उभे केले गेले. 1815 मध्ये ती पॅरिसमध्ये मेली, तेव्हा तिचा देहही शास्त्राच्या नावाखाली ठेवून घेतला गेला. तिचे अवशेष मायदेशी पोचले ते 2002 मध्ये. प्रदर्शनात त्या काळची पोस्टर, पोस्टकार्डे, चित्रे आणि चित्रफिती होत्या. रविवारी मुलाबाळांसह ते पाहायला जाणारी माणसे क्रूर नव्हती, साधी होती; हे त्या भिंतींवरून फिरताना जास्त अंगावर येई.

थुराम यांच्यासाठी हा इतिहास हातभर अंतरावरचा होता. 1998 च्या संघातले त्यांचे सहकारी कारांब्यू यांचे पणजोबा 1931 मध्ये असेच दाखवले गेले होते. पॅरिसच्या वसाहत-प्रदर्शनाच्या वेळी न्यू कॅलेडोनियाहून शंभरावर कनाक माणसे आणली गेली. त्यांतले अनेक शिकलेले होते, फ्रेंच बोलत होते, चर्चमध्ये जात होते. पॅरिसमध्ये त्यांना नरभक्षकांचे सोंग करायला लावले. त्यांच्यातल्या काहींना जर्मनीतल्या प्राणिसंग्रहालयाकडे पाठवून बदल्यात मगरी घेतल्या गेल्या. त्यानंतर सदुसष्ट वर्षांनी त्याच घराण्यातला माणूस फ्रान्सचा जगज्जेता म्हणून मिरवणुकीत उभा होता.

हे प्रदर्शन चालू असतानाच, जानेवारी 2012 मध्ये, अंदमानातल्या जारवा स्त्रियांना पर्यटकांपुढे नाचायला लावल्याची चित्रफीत जगासमोर आली. कुंपण आणि तिकीट गेले तरी ती नजर गेली नव्हती. चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे ही नजर चांगली ओळखतात. ताडोब्याचा वाघ पाहून झाल्यावर आणखी काही ‘पाहायला’ मिळेल का, असे विचारणारे पाहुणे इथे येतात. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमीचा संगम पाहून माणसे बाजारात शिरतात आणि टोपलीत मोहफूल किंवा चारोळी घेऊन बसलेल्या माडिया बाईसमोर, तिचे नाव न विचारता, मोबाइल धरतात. वर्तमानपत्रांत गडचिरोलीच्या बातमीला दोनच रंग असतात: बंदूक नाहीतर मागासलेपण. यात वाईट हेतू क्वचितच असतो. पॅरिसच्या त्या रविवारच्या कुटुंबांचाही नव्हता.

याच जिल्ह्यांत दुसरा इतिहास डोळ्यांसमोर उभा आहे. चंद्रपूरचा परकोट गोंड राजांनी बांधला. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर या दरवाजांतून शहराची रहदारी आजही वाहते. इंग्रजांशी लढलेल्या बाबुराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी इथल्याच कारागृहात फाशी झाली. विदर्भाबाहेर किती मुलांना हे नाव ठाऊक असते? धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने 2009 मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि बांबूचा व्यवहार ग्रामसभेच्या हाती घेतला. तिथे बाहेरची माणसे येतात ती अभ्यासगटात बसायला, गावकऱ्यांकडून शिकायला. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्या जागा तिथे थोड्या सरकलेल्या आहेत. थुराम यांच्या ‘काळ्या ताऱ्यां’सारखे पुस्तक या मातीतूनही सहज उभे राहील.

2020 मध्ये थुराम यांचे ‘गोरा विचार’ या आशयाच्या नावाचे पुस्तक आले. या वेळी त्यांनी प्रश्न उलटा फिरवला. काळे असणे म्हणजे काय हे काळ्यांना पुष्कळ वेळा विचारून झाले. गोरे असणे म्हणजे काय याचा विचार गोऱ्यांनी करावा, असे ते म्हणतात. ज्याला आपला रंग कधी आठवावा लागत नाही त्याला इतरांचा रंग दिसतो. इटलीच्या मैदानांवर काळ्या खेळाडूंसमोर माकडाचे आवाज काढण्याविषयी 2019 मध्ये ते असेच स्पष्ट बोलले होते आणि त्यावरून मोठे वादळ उठले. त्यांनी गोऱ्या लोकांना सरसकट एका पारड्यात टाकले, अशी टीका झाली. तिच्यात तथ्य कमी आणि दुखावलेपण जास्त होते. ते व्यक्तींविषयी बोलत नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या गेलेल्या सवयीविषयी बोलत होते.

त्यांचे दोन्ही मुलगे फुटबॉलपटू झाले. थोरल्याचे नाव मार्कस, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या मार्कस गार्वी यांच्यावरून. धाकट्याचे खेफ्रेन, इजिप्तच्या फॅरोवरून. मार्कस आघाडीपटू आहे. 31 मे 2020 रोजी जर्मनीत गोल केल्यावर त्याने आनंद साजरा केला नाही. मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली मेलेल्या जॉर्ज फ्लॉइडसाठी तो एक गुडघा टेकून मान खाली घालून बसला. 2022 मध्ये तो विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला. खेफ्रेन मध्यरक्षक आहे आणि 2024 मध्ये बापाच्या जुन्या युव्हेंटसमध्ये गेला.

थुराम स्वतः प्रशिक्षक झाले नाहीत. ते शाळाशाळांतून फिरतात, मुलांसमोर बसतात आणि प्रश्न विचारतात. फाउंडेशनने फ्रान्समधल्या प्राथमिक शाळांसाठी चित्रफितींसह एक अभ्यासक्रम तयार केला आहे. आपण दुसऱ्याला ‘वेगळा’ केव्हा आणि का म्हणू लागतो, यावर त्यात मुलांशी बोलले जाते. असा तास महाराष्ट्रात सुरू करायचा झाला तर तो भामरागडच्या आश्रमशाळेत सुरू करू नये. तिथल्या मुलांना तो विषय पाठ आहे. तो आधी नागपूर, पुणे आणि मुंबईच्या त्या शाळा-महाविद्यालयांत घ्यावा, जिथे ही मुले पुढे शिकायला जातात, आणि तिथल्या शिक्षकांनी पहिल्या बाकावर बसून घ्यावा.